दुसऱ्याची हजेरी

आमच्या खोलीत रोज सकाळी मेलेल्या माणसांची हजेरी व्हायची. सर नाव वाचायचे आणि आम्हा दोघींपैकी जिची पाळी असेल तिनं 'हजर' म्हणायचं. तोंडातल्या तोंडात पुटपुटलेलं चालायचं नाही. तसं केलं की सर चष्म्यावरून बघायचे आणि तेच नाव पुन्हा वाचायचे. नांदेडच्या विद्यापीठात आमच्या खोलीला लागून दुसऱ्या एका विभागाचं ऑफिस होतं. तिथले लोक सुरुवातीला दारात येऊन बघून जायचे, नंतर त्यांनाही सवय झाली. कुणी पाहुणा आलाच तर त्याला सांगायचे, "काही नाही हो, इतिहासवाल्यांची शाळा भरलीय."

मी तिथं लागले ती सुपरकॉम्प्युटरवर काम करायला मिळणार म्हणून. जाहिरातीत तसंच लिहिलं होतं. मी लातूरची, कॉम्प्युटरची पदवी घेतलेली, आणि इतिहासाशी माझा संबंध दहावीच्या पेपरापुरता. पहिल्या दिवशी नवा ड्रेस घालून गेले तर समोर साठी ओलांडलेला एक माणूस मरून रंगाचा स्वेटर घालून बसलेला. बाहेर मे महिना. एसी हा यंत्रांसाठी असतो, तेव्हा माणसानं आपली सोय आपण बघावी, असं सरांचं मत होतं. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, आजोबांचं विचारलं. मी सांगितलं.

"आन् त्यांच्या बापाचं?"

ते मला येत नव्हतं. सर खूश झाले. "हेच तर आपलं काम हाय," म्हणाले, "बस."

त्या दिवसापासून मी 'लातूर' झाले. सर कुणालाच नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. उर्दू वाचायला शकीला आपा होत्या, देगलूरच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, त्या 'देगलूर'. चहा आणणारे शिपाईमामा 'भोकर'. एवढी सगळ्या मेलेल्यांची नावं घसा ताणून वाचणारा माणूस जिवंत माणसांना गावानं हाक मारतो, याचं मला फार हसू यायचं. एकदा मी तसं बोलूनही दाखवलं. सर म्हणाले, "तुम्ही हाव की समोर. नाव कशाला खर्चायचं?"

काम सांगायला सोपं होतं. निजामाच्या राजवटीपासूनच्या गावोगावच्या जुन्या नोंदी गोळा केल्या होत्या. जन्माच्या, मृत्यूच्या आणि घरोघरच्या माणसांच्या गणतीच्या. काही उर्दूत, काही मोडीत, अलीकडच्या साध्या मराठीत. गणतीला सर मर्दुमशुमारीच म्हणायचे, आणि तो शब्द असा चवीनं म्हणायचे की आपल्यालाही म्हणून बघावासा वाटे. एकच माणूस जन्माच्या वहीत असतो, पुढं गणतीत दिसतो, शेवटी मृत्यूच्या वहीत. ही टोकं जुळली की तो किती जगला ते कळतं. गावंच्या गावं अशी जुळवली की त्या काळात पोरं किती वाचत होती, बाया बाळंतपणात किती जात होत्या, दुष्काळात कोण गाव सोडत होतं, हे सगळं बाहेर येतं. अडचण एवढीच की एकच नाव प्रत्येक वहीत वेगळं लिहिलेलं. म्हणून प्रत्येक नाव बाकीच्या सगळ्या नावांशी ताडून बघायचं. साध्या कॉम्प्युटरला हे दिलं असतं तर मी तिथंच म्हातारी झाले असते. म्हणून दूरच्या एका शहरातल्या केंद्रात जे मोठं यंत्र होतं, त्यावर आम्हाला वेळ मिळाला होता. वेळ बेताचा, आणि त्यालाही रांग.

रांगेचं सरांना वाईट वाटत नसे. ते केंद्रात फोन लावून रेशनच्या दुकानात विचारावं तसं विचारायचे, "आमचा नंबर आला का?" आणि नंबर आला, आमचं काम तिकडं सुरू झालं, की इकडं नांदेडला आम्ही हळू बोलायचं. पंखा लावायचा नाही. भोकर मामांनी कप आपटायचे नाहीत. मी पहिल्यांदा समजावून सांगितलं, की सर, यंत्र शेकडो किलोमीटरवर आहे, त्याला आपला आवाज जात नाही.

"मला ठाव हाय की," सर कुजबुजत म्हणाले. "पर कुणी आपलं काम करून राहिलं असलं तर आपण गप्पा हाणाव्या का?"

मी उठून पंख्याचं बटण बंद केलं.

हजेरीचं मात्र मला पटत नव्हतं. सर प्राध्यापक होण्याआधी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, तिथली ही खोड. स्कॅन केलेलं पान सरळ भरलं असतं तर काम चौपट वेगानं झालं असतं. मी दर आठवड्याला तक्रार करायची आणि सर दर आठवड्याला एकच उत्तर द्यायचे. "एकदा यंत्रात गेला की त्याला कोण हाक मारणार हाय, लातूर? जाता जाता एकदा मारू दे." मग डबा उघडून सुशीलाचा, म्हणजे आमच्याकडच्या फोडणीच्या मुरमुऱ्यांचा, घास माझ्यापुढं करायचे. सरांच्या घरची सुशीला इतकी चांगली असायची की तक्रार तिथंच संपायची. शकीला आपांना हजेरीत काही वावगं वाटत नव्हतं. उर्दू वहीतल्या माणसाला त्या 'हाजिर' म्हणायच्या, मराठी वहीतल्याला 'हजर', आणि दोन्ही अगदी मनापासून.

हजेरीचे नियमही होते. नाव मेलेल्याचंच असलं पाहिजे. वही अलीकडची असेल आणि माणूस जिवंत असल्याचं कुणाला माहीत असेल, तर उत्तर द्यायचं नाही. "जित्या माणसाची हजेरी दुसऱ्यानं द्यायची नसते, शाळेत मार बसतो," असं सर म्हणायचे. आणि एकच नाव लागोपाठ दोनदा आलं, तर दुसऱ्यांदा वाचायचं नाही. सर पानावर पेन्सिलीनं टिचकी मारायचे आणि म्हणायचे, "पटवारी डुलकला." जुन्या वह्यांच्या नकला करताना लिहिणाऱ्यानं तीच ओळ पुन्हा लिहिलेली आम्ही खूपदा पाहिली होती. वर्षं तर काय, मनाला येतील तशी टाकलेली. म्हणून सरांनी मला प्रोग्रॅमसाठी एक वाक्य सांगितलं होतं. एकच घर, एकच बाप, एकच नाव, तर माणूस एकच, वर्षाकडं बघू नकोस. बाकीचे सगळे नियम केंद्राच्या पद्धतीचे होते. हा एकटा सरांचा होता, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. पटवाऱ्यांना ओळखून असलेला माणूसच असा नियम सांगू शकतो, हे खरंच होतं.

निकाल आला तेव्हा सरांनी स्वतः जाऊन पेढे आणले. आमच्या भागात त्या काळी लहान मुलं फार मरत असणार, असं सगळेच धरून चालले होते. आमचा आलेख उलटंच सांगत होता. मुलं बऱ्यापैकी वाचत होती. केंद्रातले लोक तर हरखून गेले. त्यांच्या वार्षिक कार्यक्रमात आमचाच निकाल मांडायचा ठरलं, आणि कामाचा दुसरा टप्पा मिळणार हे नक्की झाल्यातच जमा होतं. माझी नेमणूक त्या कामापुरतीच होती. मी लातूरला फोन करून आईला सांगून टाकलं, की आता काही वर्षं मी नांदेडलाच आहे, स्थळं बघायची घाई नको.

दुसऱ्या टप्प्यासाठी ठेवलेली थोडी गावं वाचायची राहिली होती, त्यात सरांचं गाव होतं. आमच्या लातूरकडच्या मुरूडजवळचं. सरांनी ते मुद्दामच शेवटाला ठेवलं होतं. घरच्या गावाचं काम लाडानं होतं आणि लाडानं केलं की चुकतं, असं त्यांचं म्हणणं. वही बऱ्यापैकी अलीकडची, मराठीतली. एक दिवस सकाळी सर ती घेऊन बसले. पाळी शकीला आपांची होती. सरांचा आवाज त्या दिवशी जरा चढाच होता, एकेका नावाला थांबून "ह्यांचा आड होता," "हे भजनी" असं सांगत चालले होते. मध्येच त्यांनी स्वतःच्या वडिलांचं नाव वाचलं, आणि पुढं मुलाचं. ते नाव आमच्या सरांचंच होतं.

आपांनी सरांकडं बघितलं. सर समोर बसलेले, जिवंत, मग 'हजर' कसं म्हणायचं?

"म्हणा की," सर म्हणाले.

"सर, ये तो आप हैं ना."

"तुम्ही म्हणा."

आपांनी बिचकत 'हजर' म्हटलं. खालच्या ओळीत पुन्हा तेच होतं. तेच घर, तेच वडील, तेच नाव. सरांनी तेही वाचलं. आपांना हायसं वाटलं असावं, त्या हसून सरांचंच वाक्य बोलल्या, "पटवारी डुलकला, सर."

सरांनी चष्मा काढला. पेन्सिल खाली ठेवली.

"न्हाई, देगलूर," ते म्हणाले. "पटवारी जागा होता. दुसरा मी हाय."

आम्हाला काहीच कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या आधी एक भाऊ झाला होता. आजोबा गेल्यावर झालेला पहिला नातू, म्हणून आजोबांचं नाव त्याला ठेवलं. तो बसायला लागला आणि गेला. मग हे झाले. "आमच्याकडं आज्याचं नाव रिकामं ठेवत न्हाईत. एक गेला की दुसऱ्याला तेच." जन्म कोतवाल येऊन लिहून न्यायचा. पण तान्ह्या पोराचं मरण लिहायला कोण जाणार? बाप शेताच्या कडेला पुरून यायचा आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागायचा. त्या भावाची जगात एवढी एकच ओळ होती, आणि ती सरांच्या नियमानं यंत्रानं पुसली असती.

"दिवाळीच्या अंघोळीला आई मला उटणं लावायची," सर म्हणाले, "तर चिमूटभर काढून अंघोळीच्या दगडाच्या कडेला ठेवायची. मला वाटायचं, दगडालाबी लावायचं असतं." मग त्यांनी पानावरच्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. सवयीनंच बहुधा, हळू आवाजात म्हणाले, "मग दुसऱ्याचं कोण म्हणणार?" आपांनी तोंड उघडलं तसा त्यांनी हात वर केला. "नको. मी अजून हाय." आणि पान उलटलं.

दुपारी त्यांनी मला विचारलं, "असे किती मिटवले आपण?"

मी यंत्रानं एक केलेल्या जोड्या काढल्या. ज्यांच्या वर्षांत दोन-तीन वर्षांचं अंतर होतं तेवढ्याच. यादी पडद्यावरून खाली जायला लागली ती थांबेचना. त्यातल्या काही पटवाऱ्याच्या डुलक्या असणारच. पण सगळ्या नव्हत्या, हे शेजारी उभं राहून बघणाऱ्या आपांनाही कळत होतं. त्यांनी पदर तोंडाला लावला. मुलं वाचत होती असं जे आम्ही जगाला सांगत होतो, ते मेलेली मुलं पाठच्या भावंडांत मिसळून टाकल्यामुळं दिसत होतं.

मला वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर मला रागच आला. अहवाल गेलेला, दुसरा टप्पा ठरवणाऱ्या केंद्राच्या समितीची बैठक त्याच आठवड्यात, आणि यंत्रावरचा आमचा वेळ संपलेला. मी म्हणाले, "सर, दुसरा टप्पा मिळू द्या. त्यात दुरुस्त करू. आत्ता बोललो तर दुसरा टप्पाच मिळणार नाही."

"हाव. न्हाई मिळणार."

"मग कामून सांगायचं?" मी चिडले की माझ्या तोंडून लातूर बाहेर येतं.

"तुझी नोकरी जाईल, लातूर. मला ठाव हाय. त्याच्यावर माझ्यापाशी उत्तर न्हाई," सर म्हणाले. त्यांनी मोठमोठी तत्त्वं सांगितली असती तर मला भांडता आलं असतं. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही आणि त्यांची सुशीलाही खाल्ली नाही.

समितीची बैठक पडद्यावर होती. मोठ्या माणसांशी बसून बोलू नये म्हणून सर नेहमी उभे राहून बोलायचे, त्यामुळं समितीला आजवर सरांचा फक्त स्वेटर दिसलेला. त्या दिवशीही तो मरून स्वेटर पडद्यावर आला आणि म्हणाला, "आमचा निकाल चुकलाय. चुकीचा नियम माझा हाय, ह्या पोरीचा न्हाई." अध्यक्ष सज्जन होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मार्ग काढला, की एवढा चांगला निष्कर्ष मागं घेण्यापेक्षा पद्धतीची मर्यादा म्हणून तळटीप देऊ या.

"साहेब," सर म्हणाले, "इतकी पोरं तळटीपेत मावणार न्हाईत."

मी खाली मान घालून बसले होते. माझा राग कुठं गेला ते मला कळलं नाही, पण तो नंतर कधी आला नाही. सरांच्या भावाला मी कधी पाहिलेलं नव्हतं, पाहणं शक्यच नव्हतं, आणि तरी मला रडू येत होतं.

दुसरा टप्पा मिळाला नाही. नाही असं कुणी म्हटलं नाही, फक्त पुढं काही आलं नाही. पण इतर गटांनी न वापरलेला थोडा वेळ समितीनं आम्हाला दिला, आणि तेवढ्यात मोठ्या यंत्रानं सगळ्या गावांतल्या जोडनावांची, म्हणजे एकाच घरात दोनदा आलेल्या नावांची, यादी काढून पाठवली. पुढचं काम आमच्या खोलीतल्या साध्या कॉम्प्युटरवर. सरांनी नवा नियम सांगितला. आता यंत्रानं ठरवायचं नाही. जोडनाव आलं की थांबायचं आणि माणसाला विचारायचं. विचारायचं कसं, ते शब्दही त्यांनीच सांगितले, आणि मी मुकाट्यानं प्रोग्रॅममध्ये घातले. पडद्यावर दोन ओळी यायच्या, आणि खाली प्रश्न. 'दुसऱ्याचं कोण म्हणणार?'

माझी मुदत संपेपर्यंत आम्ही तिघं तेच करत होतो. दोन्ही पानं काढायची, गणतीत बघायचं, घरात किती पोरं दिसतात ते ताडायचं, आणि मग ठरवायचं, डुलकी की भाऊ. भाऊ निघाला की जिची पाळी तिनं 'हजर'. कधी बहीण निघायची. आलेखातली मेलेल्या मुलांची रेघ रोज थोडी वर चढायची. सर ती संध्याकाळी बघायचे आणि स्वेटर काढून खुर्चीला अडकवायचे, म्हणजे दिवस संपला. अहवाल पुन्हा गेला. कुणी पेढे आणले नाहीत.

मी लातूरला परतले. एका दवाखान्यात रुग्णांच्या नोंदी ठेवायच्या कामाला लागले. आमच्या गावोगावच्या नोंदी मात्र इंटरनेटवर होत्या, आम्हा तिघांना त्या कुठूनही उघडता यायच्या. शकीला आपा हौसेनं एखादं गाव घेऊन बसायच्या आणि अडलं की मला फोन करायच्या. सर मुरूडला राहायला गेले. मी एकदा त्यांना भेटायला गेले, तर घरी नव्हते, एसटी स्टँडवर सापडले. बाकावर बसून एका अनोळखी माणसाला त्याच्या पणजोबांचं नाव विचारत होते. तो बिचारा बस कधी येते याची वाट बघत होता.

निघताना सर म्हणाले, "लातूर, आमच्या घरचं पान उघडंच हाय अजून. मी गेलो की तू भर. दुसऱ्या कुणाला दिलंस तर पटवारी डुलकला म्हणून मिटवून टाकंल."

"सर, काहीतरीच काय बोलता!"

"काहीतरी न्हाई. हजेरी राहिलीय माझी."

गेल्या हिवाळ्यात आपांचा फोन आला. "सर गए, बेटी." एवढंच बोलून त्या रडायला लागल्या. मी मुरूडला जाऊन आले. सरांच्या घरच्यांनी मला ओळखलं नाही, मग मी 'लातूर' म्हणून सांगितलं तशी त्यांच्या सूनबाई आत गेल्या आणि सुशीलाची ताटली घेऊन आल्या. ती मला खाववली नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जेवणाच्या सुट्टीत मी आमच्या त्या जुन्या नोंदी उघडल्या. मृत्यूच्या रकान्यात सरांचं गाव टाकलं, वडिलांचं नाव टाकलं, मग सरांचं. तीन वर्षं त्यांच्याबरोबर काम करून मी त्यांचं नाव पहिल्यांदाच लिहीत होते. यंत्र थांबलं. या घरात या नावाचे दोन जन्म होते आणि मरण एकच आलं होतं. ते कुणाचं, हे त्याला ठरवायचं नव्हतं. पडद्यावर दोन ओळी आल्या आणि खाली सरांचा प्रश्न.

"हजर," मी म्हणाले. पहिल्यांदा ते तोंडातल्या तोंडातच राहिलं, म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हणाले. शेजारच्या टेबलावरची मुलगी दचकून बघायला लागली. मी दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि सरांचं पान भरलं.